रामाची अंगठी आणि पासपोर्टवरचा व्हिसा

आजचं चिंतन सुंदरकांडातलं. अशोकवनात हनुमंत सीतामाईंसमोर आला, पण माईंना आधी शंकाच आली: हा रूप पालटून आलेला रावण तर नव्हे? हनुमंत रागावला नाही. त्याने रामाची लक्षणं सांगितली, मग रामनाम कोरलेली अंगठी पुढे केली.

वाचताना भाचा आठवला. अमेरिकेत एच-१बीवर नोकरी करतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ३ आठवड्यांसाठी आला. तिथे राहून काम करायची मंजुरी शाबूत होती. पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, आणि परत आत जायला तोच लागतो. मुलाखतीत हाती २२१(जी)ची चिठ्ठी आली, म्हणजे आणखी तपासणी बाकी. २ महिने झाले. बायको-मुलगी तिकडे, हा इकडे.

"मावशी, माझ्याच घरी जायला मी पुरावे देत बसलोय!"

अरे बाळा, प्रत्यक्ष रामदूतालाही ओळख पटवावी लागली. शंका घेणारा प्रत्येक जण वैरी नसतो. मागितलेला कागद वेळेवर द्यावा, खरं तेच सांगावं, बाकी रामावर सोडावं. वाट पाहण्यातही सेवा घडते. आता तो रोज ताईला औषधं देतो, आणि तिकडे सकाळ झाली की लेकीशी फोनवर बोलतो.

परदेशातल्या लेकरांनो, तिकीट काढण्याआधी व्हिसाची तारीख बघा हो! आणि आपण इकडच्यांनी आज एवढंच करूया: असं कुणी अडकलं असेल तर "कधी जाणार?" न विचारता "जेवलास का?" विचारूया.

जय जय रघुवीर समर्थ!