तेव्हा तुम्ही कोठे होता?

रविवारची उपासना आटोपली की आमच्या बुऱ्हाणपूरच्या मंडळीतील चार-पाच वडीलधारी माणसे देवळाच्या ओसरीवर थोडा वेळ टेकतात. बोलणे बहुधा प्रकृतीचे, नातवंडांचे, नाहीतर पॉवरलूमच्या मंदीचे असते. पण ऑक्टोबरची अखेर जवळ आली की कोणीतरी हटकून विचारतो, "इंदिराबाई गेल्या तेव्हा तुम्ही कोठे होता हो?" मग प्रत्येकाला बोलायचे असते. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. एक जण शाळेत फळ्यावर गणित लिहीत होता. दुसरा बाजारात होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुकानांच्या फळ्या पडल्या. आकाशवाणीने संध्याकाळी सांगितले, पण आम्हाला बीबीसीवरून आधीच कळले होते, असे तिसरा अभिमानाने सांगतो. आमच्यातील नव्वदी ओलांडलेल्या एक आजी तर ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजींची बातमी आली तेव्हा चुलीवर काय शिजत होते तेही सांगतात.

ह्या सांगण्यात दुःख असते. पण खरे सांगायचे तर थोडी मौजही असते. आपण त्या मोठ्या घटनेच्या जवळून गेलो, असे वाटते. ह्या लेखात मला एकच प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे. आपण कोठे होतो हे आठवणे म्हणजे त्या दुःखाची आठवण ठेवणे होय काय?

ही सवय केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १८९९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अब्राहम लिंकन यांच्या खुनाची बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कोठे होता, असे त्याने १७९ लोकांना विचारले होते. घटना १८६५ सालची. म्हणजे तीसहून अधिक वर्षे लोटली होती. तरी १२७ जणांनी तपशीलवार उत्तर दिले. एवढी पक्की आठवण खोटी कशी असेल, असे आपल्याला वाटते. परंतु जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान फुटून सात अंतराळवीर मरण पावले, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून त्यांची हकिकत लिहून घेतली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतील ४४ जणांना त्याने पुन्हा तेच विचारले. सुमारे चौथा हिस्सा विद्यार्थी सर्व मुख्य गोष्टींत चुकले. आणि नवल हे की, चुकणाऱ्यांपैकी पुष्कळांना आपल्या नव्या आठवणीची पुरेपूर खात्री होती.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. माझ्यावर तो प्रसंग आला आहे.

१९८४ साली मी शब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेत असे. २ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. संध्याकाळी नाताळच्या नाटकाची तालीम झाली आणि आम्ही घरोघर जाऊन झोपलो. त्याच रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. भोपाळ आमच्याच राज्याची राजधानी. आमच्या स्टेशनावरून खंडवा, इटारसी असे करीत गाडी तेथे जाते. त्या रात्री भोपाळ स्टेशनावर गुलाम दस्तगीर नावाचे रेल्वे अधिकारी कामावर होते. फलाटावर उभी असलेली भरलेली गाडी त्यांनी वेळेआधी सोडून दिली, त्यामुळे शेकडो जीव वाचले. स्वतः मात्र ते स्टेशनावरच राहिले, आणि पुढे आयुष्यभर त्या वायूचा त्रास त्यांनी भोगला.

माझी आठवण अशी होती. सोमवारी संध्याकाळी तालीम चालू असताना रेडिओवर बातमी आली. मी मुलांना थांबवले. मेंढपाळांच्या वेषात असलेली ती मुले माझ्यासह गुडघे टेकून भोपाळसाठी प्रार्थना करू लागली. ही हकिकत मी किती वेळा सांगितली असेल! शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या बैठकीत सांगितली, दोनदा उपदेशातही सांगितली. सांगताना माझा गळा दाटून येई.

काही वर्षांपूर्वी घराच्या रंगकामासाठी कपाट रिकामे करताना त्या सालची माझी वही हाती लागली. ३ डिसेंबरच्या पानावर लिहिले आहे: "तालीम झाली. पागोटी कमी पडतात. योसेफाला अजून पाठ नाही." ४ तारखेला: "भोपाळची बातमी फार वाईट. तालीम वेळेवर." पुढच्या रविवारी मुलांची हजेरी आणि दानाचा आकडा आहे. प्रार्थनेचा उल्लेख कोठेही नाही. मी गुडघे टेकले असते तर ते लिहिल्यावाचून राहिलो नसतो. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

पण वहीतले खरे पान त्यानंतरचे आहे. कारखान्यात उरलेला वायू निकामी करण्याचे काम १६ डिसेंबरला सुरू व्हायचे होते. पुन्हा काही होईल या भीतीने हजारो लोकांनी भोपाळ सोडले आणि ते मिळेल त्या गाडीने नातेवाइकांकडे गेले. त्याच आठवड्यातील माझी नोंद अशी आहे: "भोपाळहून आलेली एक बाई दोन मुलांना घेऊन फाटकाशी आली. डोळे सुजलेले. धाकटा फार खोकत होता. तालीम चालू होती म्हणून उद्या ये म्हटले." दुसऱ्या दिवशीच्या पानावर तिच्याविषयी काही नाही. त्यानंतरही नाही.

ती बाई मी पार विसरलो होतो. नोंद वाचूनही तिचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. जी प्रार्थना झालीच नाही ती मला चाळीस वर्षे स्पष्ट दिसत राहिली, आणि जी आई फाटकाशी उभी होती ती पुसली गेली. आपण कोठे होतो याची आठवण मनुष्याची अशी खुशामत करते.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर तो मी येथे मांडला नसता. पण आमच्या गावाकडेच पाहा. मुमताजमहल कोठे वारली, हे बुऱ्हाणपुरातले लहान पोरही सांगेल. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात तिने येथे प्राण सोडला. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला सहा महिने पुरून ठेवले होते आणि मग तिचा देह आग्र्याला नेला. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला ती जागा हौसेने दाखवतो. परंतु त्याच १६३०-३१ साली गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला होता. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी तेव्हा सुरतेहून नंदुरबारवरून बुऱ्हाणपुरास आला. वाटेवर जागोजाग प्रेते पडलेली होती, तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणेही कठीण झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. बादशाहाने बुऱ्हाणपुरात गरिबांसाठी लंगर उघडले. दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवार दानधर्म झाला, अशी नोंद बादशाहनाम्यात आहे. त्या लंगरांसमोर रांगेत बसलेल्यांची जागा कोण दाखवील? राणीच्या आठवणीसाठी ताजमहाल उभा राहिला. तिच्याच वर्षी, तिच्याच वाटेवर मेलेल्या अगणितांसाठी आमच्या गावात साधा दगडही नाही.

मग अशा आठवणी काढूच नयेत काय? असे मी म्हणत नाही. पवित्र शास्त्रातही तशी एक आठवण जपून ठेवली आहे. प्रभूला धरून नेले त्या रात्री पेत्र कोठे होता, हे शुभवर्तमान नेमके सांगते. तो प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशांच्या शेकोटीपाशी शेकत उभा होता. ही हकिकत मंडळीला बहुधा पेत्राकडूनच कळली असावी. इतर पळाले, मी मात्र अंगणापर्यंत गेलो, एवढेच तो सांगू शकला असता, आणि ते खोटेही ठरले नसते. पण दासीचा प्रश्न, आपला तिहेरी नकार आणि कोंबड्याचे आरवणे, हे सर्व त्या गोष्टीत आहे. त्याने आपली जागा सांगितली ती मोठेपणासाठी नव्हे. म्हणूनच त्याच्या आठवणीचा आपल्याला उपयोग होतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव मनुष्याला प्रथम जे प्रश्न विचारतो त्यांतील एक आदामाला आहे: तो स्वतः कोठे आहे. लगेच पुढच्या अध्यायात काईनाला विचारलेला प्रश्न आहे: त्याचा भाऊ कोठे आहे. आपण ओसरीवर बसून पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देत राहतो. खरी आठवण दुसऱ्या प्रश्नापर्यंत गेली पाहिजे.

भोपाळचेच घ्या. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०१० च्या जूनमध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात जणांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. वाढीव भरपाईसाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनंतर. त्या रात्री मी कोठे होतो हे मला कोणीही विचारीत असे. फाटकाशी आलेल्या बाईचे पुढे काय झाले, हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातील मोठ्या मुलांना २०२० सालची टाळेबंदी आठवते. तेव्हा तुम्ही कोठे होता, असे त्यांना अवश्य विचारा. घरात होतो, शाळा बंद होती, असे ती सांगतील. मग त्यांना सांगा की, त्या वर्षी ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले. ते आपल्या मध्य प्रदेशातले होते. जालन्याहून पायी निघून ते भुसावळला गाडी पकडायला चालले होते. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी आपल्या बुऱ्हाणपूरवरूनच जाते. मग मुलांना दुसरा प्रश्न विचारा: त्या दिवसांत आपल्या रस्त्यावरून कोण चालत गेले, आणि आपण त्यांना पाणी दिले काय? ज्याने दिले नसेल त्याला रागावू नका. त्याला खरे बोलू द्या, आणि त्याच्याआधी आपले खरे सांगा.

मी आता भोपाळची हकिकत वहीत आहे तशीच सांगतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ओसरीवर कोणी बोलेना. मग एक जण खाली पाहत म्हणाला, "इंदिराबाई गेल्या, त्यानंतर दोन दिवस शेजारच्या सरदारजींचे दार बंद होते. मी विचारायला गेलो नाही." त्या दिवशी आम्ही सगळे नेहमीपेक्षा उशिरा घरी गेलो.

प्रभू आपणां सर्वांना खरी आठवण देवो, आणि फाटकाशी आलेल्याला "उद्या ये" म्हणण्यापासून आपल्याला राखो.