यमाच्या वहीतले पान

बेल्लमपल्ली हे सिंगरेणी कोळसाखाणींचे गाव. येथे खाणीत उतरणाऱ्याला परतण्याची हमी कोणी लिहून देत नाही. म्हणून ‘यमलीला’ (१९९४) या तेलुगू चित्रपटाचा हिंदी अवतार ‘तकदीरवाला’ (१९९५) येथे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. यमराजाची हरवलेली भविष्याची वही नायकाच्या हाती लागते. तिच्या आधारे तो धनवान होतो. पुढे त्याच वहीत आईचे मरण वाचून हादरतो.

लाभाचे पान खरे मानणाऱ्याला शोकाचे पान खोटे ठरविता येईल काय? दस्तऐवजाचा सोयीचा भाग स्वीकारून गैरसोयीचा नाकारणे न्यायालयास मान्य नसते.

सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचेच, हे सावित्रीला नारदांकडून कळले होते. तिने त्याचा व्यापार केला नाही, की ते ओझे पतीच्या माथी टाकले नाही. सासूसासऱ्यांची सेवा केली, अखेरीस तीन रात्रींचे व्रत केले आणि नेमक्या दिवशी ती त्याच्याबरोबर वनात गेली.

तात्पर्य, मरणाच्या ज्ञानाने हक्क वाढत नाहीत, कर्तव्य तेवढे स्पष्ट होते. ते कर्तव्य वही हाती नसलेल्या आपल्यालाही चुकलेले नाही. आईजवळ घटकाभर बसण्यास तिच्या मरणाची तिथी ठाऊक असावी लागत नाही.