आरशाला विचारलेला प्रश्न



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपली आणि वस्तीतील एक मावशी माझ्यापाशी आल्या. त्यांचा मुलगा कामाला म्हणून बाहेरगावी गेला, त्याला दीड वर्ष झाले, ठावठिकाणा नाही. हातात कागदाचा चिटोरा, त्यावर टीव्हीवर दिसलेला फोन नंबर. म्हणाल्या, "गुरुजी, एवढा फोन लावून द्या. ती बाई नुसत्या आवाजावरून सांगते म्हणे, माणूस हाये का गेला." मी फोन लावला नाही. का, ते त्यांना तेव्हा नीट सांगता आले नाही. म्हणून आज सांगतो.

अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी २१ एप्रिल २००३ रोजी एक मुलगी कामावरून घरी परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिला सतरावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. आईने दीड वर्ष शोध केला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ती एका टीव्ही कार्यक्रमात गेली. तेथे सिल्व्हिया ब्राऊन नावाची, मृतांशी बोलते म्हणून गाजलेली बाई येत असे. त्या बाईने सर्वांदेखत सांगून टाकले की मुलगी जिवंत नाही. आईने घरी येऊन मुलीचे फोटो उतरविले. मार्च २००६ मध्ये ती माउली वारली. आणि मुलगी? ती त्याच शहरात, काही मैलांवर, एका नराधमाच्या घरात कोंडलेली होती! ६ मे २०१३ रोजी ती तेथून निसटली, सोबत सहा वर्षांची लेक घेऊन. तिला पोटाशी धरायला आई तेवढी उरली नव्हती.

याच ब्राऊनबाईने जेम्स रँडी या जादूगाराचे दहा लाख डॉलरांचे आव्हान २००१ साली टीव्हीवरच स्वीकारले होते. २०१३ मध्ये मरेपर्यंत चाचणी दिली नाही. रँडी जादूगार होता, म्हणून त्याला हातचलाखी ओळखू येई. आम्ही पदवीवाले अशा ठिकाणी लवकर फसतो.

आणि विद्या ती कोणती? "छातीत दुखत होते ना?" असे मोघम विचारायचे, समोरच्याचा चेहरा वाचायचा, तो होय म्हणाला की पुढे सरकायचे, नाही म्हणाला की विषय बदलायचा. दुःखी माणूस उरलेले स्वतःच पुरवितो. ध्वनिमुद्रित कार्यक्रमात तर चुका कापूनही टाकता येतात.

हे नवे नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात, श्रमणाने करू नयेत अशा हीन विद्यांत, आरशाला प्रश्न विचारणे, कुमारिकेच्या अंगात देवता आणून प्रश्न विचारणे ही नावे आहेत. आजचा आरसा विजेवर चालतो, एवढाच फरक! नालंदेच्या आम्रवनात केवट्ट नावाच्या गृहस्थाने तथागतांना विनविले की भिक्खूंकडून चमत्कार करवा, लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंत म्हणाले की दुसऱ्याचे मन ओळखून दाखविले तर श्रद्धा नसलेला मनुष्य म्हणेल, ही मणिका विद्या आहे. अशा प्रदर्शनाची मला लाज वाटते, किळस येते. उपदेशाने माणूस बदलतो, तोच त्यांनी खरा चमत्कार मानला. परमपूज्य बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अधम्मात बसविले. आत्माच नाही, तर पडद्यावरून बोलतो तो कोण?

किसागोतमी मेलेले मूल घेऊन आली तेव्हा तिला फसविणे किती सोपे होते! "तुझे बाळ सुखात आहे, तुला हाक मारते आहे," एवढे म्हटले असते तरी ती पाया पडली असती. तथागतांनी तिला मोहरी मागायला घरोघर पाठविले. ज्या घरात कोणी मेले नाही असे घर तिला श्रावस्तीत सापडले नाही. संध्याकाळी ती आपल्या पायांनी, आपल्या डोळ्यांनी पाहून परत आली. मावशींच्या मुलाचे काय झाले, ते मला ठाऊक नाही आणि त्या फोनवरच्या बाईलाही ठाऊक नाही.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर मावशींना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हरविल्याची नोंद होती, पण फोटो जोडलेला नव्हता. मावशींनी पदराच्या गाठीतून मुलाचा शाळेतला फोटो काढला. तो लहानपणचा, म्हणून हवालदारांनी अलीकडचा मागितला आहे. उद्या त्याच्या मित्रांकडे विचारायला जायचे आहे.