टीप आणि पगार



आपल्या धर्मग्रामातील बरीच तरुण मुले-मुली आज हॉटेलांत, मॉलमध्ये, पार्लरमध्ये कामाला आहेत. ज्या आवारात त्यांचे आजोबा तिसऱ्या पाळीला जात, तिथेच ती रात्री उशिरापर्यंत ताटे उचलतात. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावे राहिली, भोंगा गेला. नोकरी विचारायला आलेल्या मुलाला मालक पगाराचा आकडा सांगतो आणि लगेच जोडतो, "वर टीप मिळतेच." या 'वर' शब्दाचा आज जरा विचार करू या.

गिरणीत साच्यावर कुणी टीप ठेवत नसे. पगार, महागाई भत्ता, बोनस यांवरून भांडणे होत, पण ती थेट मालकाशी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचे पुढे काय झाले ते आपल्या चाळींना सांगायला नको. पण मागायचे कुणाकडे याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. वेटरची अडचण वेगळी आहे. त्याच्या मिळकतीतला मोठा वाटा टेबलावर बसलेल्या अनोळखी माणसाच्या मर्जीतून येतो. त्याने संप करावा कुणाविरुद्ध? सात नंबरच्या टेबलाविरुद्ध?

कायदाही टिपेकडे असेच पाहतो. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या आयकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ग्राहकाने दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. ती ग्राहकाची स्वखुशीची देणगी. नोकरीच्या कराराने ती मागण्याचा हक्क कामगाराला मिळत नाही. आता घरभाडे, शाळेची फी, आईचे औषध अशा पैशावर अवलंबून असेल, तर ते घर कुठल्या पायावर उभे आहे?

अमेरिकेत तर ही गोष्ट कायद्यातच लिहिली आहे. तिथे केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर. पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः २.१३ डॉलर दिले तरी चालते, उरलेले टिपेतून भरले म्हणजे झाले. भरले नाहीत तरच मालकाने फरक द्यायचा. २.१३ हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र अशी वजावट नाकारली आहे.

आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्यात टीप वजा करण्याची सोय नव्हती. त्याची जागा घेणारी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यातही ती नाही. किमान वेतन मालकाने स्वतःच्या खिशातूनच द्यायचे आहे. कागद स्वच्छ आहे. पण सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, ही तक्रार आमच्या कानावर अनेकदा येते, आणि तिला जोडून समजूत हीच असते की 'टिपेत निघते ना!'

संत थॉमस अक्वायनस न्याय आणि औदार्य यांत फरक करतात. ज्याचे त्याला देणे हा न्याय. जे माझे आहे त्यातून दुसऱ्याला देणे हे औदार्य. पगार पहिल्या खात्यात जातो, टीप दुसऱ्या. दोन्ही खाती एक केली की दोन्ही बिघडतात. मालक न्यायातून सुटतो आणि ग्राहकाच्या औदार्यातला आनंद जातो, कारण त्याने नोट ठेवली नाही तर कुणाचे तरी पोट मारल्यासारखे होते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात बजावले आहे की न्यायाने जे देणे लागतो ते दयेची भेट म्हणून देऊ नये. आणखी एक बिघाड आम्हांला अधिक गंभीर वाटतो. वाढणाऱ्या मुलीला एखाद्या टेबलावरचे अचकट बोलणे हसून गिळावे लागते, कारण शेवटी फोल्डरमध्ये किती ठेवायचे हे तोच माणूस ठरवणार असतो. किमान वेतन पुरेसे असेल तर तिला गप्प राहण्याचे एक कारण तरी कमी होते.

कुणी म्हणेल, मुलाने स्वतः कबूल केले आहे, मग अन्याय कसला? पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' परिपत्रकात याचे उत्तर दिले होते: गरजेपोटी किंवा अधिक वाईट होईल या भीतीने कामगार कठोर अटी स्वीकारतो, तेव्हा तो बळजबरीचाच बळी असतो. गिरणी संपाच्याच वर्षी, सप्टेंबर १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडची बांधकामे करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोहोचले. भुकेने लादलेली कबुली ही बळजबरीच, आणि किमान वेतनाहून कमी दामावर घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ.

खुद्द वेटरांपैकी काहींना टीपच बरी वाटते, हेही सांगायला हवे. शनिवारच्या एका रात्रीत आठवड्याच्या पगाराएवढे सुटते, असे ते म्हणतात. खोटे नाही. पण पावसाने गाड्या बंद पडल्या की त्या आठवड्याला टेबल रिकामे. टिपेवर भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही. मोरीवर भांडी घासणाऱ्याला तर ग्राहकाचे तोंडही दिसत नाही. टीप बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पगार पुरा झाल्यावर ती खरोखर 'वर' असावी, एवढेच.

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपल्याला पाठ आहे. पण बाजारात दिवसभर उभे राहिलेले ते लोक परळच्या जुन्या माणसांना चांगले कळतील. गिरणीच्या फाटकावर बदली कामगार असेच उभे राहत. नाव पुकारले तर दिवस निघाला, नाहीतर परत घरी. मळ्याच्या मालकाने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पुऱ्या दिवसाचे दाम दिले. सकाळपासून राबलेल्यांच्या ठरलेल्या दामातून काहीही न कापता तो उदार झाला, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

लग्नाचा हंगाम जवळ आला आहे. हॉल आणि केटरर ठरवताना आपण ताटाचा भाव विचारतो, सोरपोतेल किती किलो तेही विचारतो. वाढायला येणाऱ्या मुलांना रात्रीचे किती देणार, हेही त्याच बैठकीत विचारा आणि उत्तर टाळले गेले तर दुसरा केटरर पाहा. ताटामागे काही रुपये वाढतील. नवऱ्या मुलाच्या काकांनी शेवटी द्यायचे पाकीट त्याशिवाय द्यावे, त्या हिशेबात धरू नये.

– आपले धर्मगुरू