संघाची मालकीण

मराठीतील 'मालकीण' हा शब्द मोठा फसवा आहे. 'मालक' म्हटले की ज्याच्या नावावर घर, शेत किंवा दुकान आहे तो मनुष्य डोळ्यांपुढे येतो. 'मालकीण' म्हटले की बहुधा त्या मनुष्याची पत्नी. चाळीतील एक खोलीही जिच्या नावावर नाही तिला सर्व भाडेकऱ्यांनी मालकीणबाई म्हणावे, यात आपणांस काहीच विसंगत वाटत नाही. व्यावसायिक फुटबॉल संघाची मालकी स्त्रीकडे असावी की नसावी, असे आज कोणी उघडपणे विचारीत नाही. परंतु ती तिच्याकडे आहे असे कळताच जो प्रश्न हळूच पुढे येतो, 'ते ठीक. पण खरा मालक कोण?', त्याचे मूळ या शब्दात आहे. हा प्रश्न अनुदार आहे खरा, पण निरर्थक नाही. तो फक्त स्त्रियांनाच विचारला जातो, एवढीच आमची तक्रार आहे.

माद्रिदच्या वायेकास या कामकरी वस्तीतील रायो वायेकानो या संघाच्या अध्यक्षपदी १९९४ साली तेरेसा रिव्हेरो ही तेरा मुलांची आई बसली. (त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा करून मुलींस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मसिद्ध वाटा दिला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) संघ तिच्या उद्योगपती पतीच्या समूहाचा होता, तेव्हा बाई नामधारी, असा बोलबाला होणे अपरिहार्यच होते. पुढे २००४ साली मैदानासच तिचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये पतीचा उद्योगसमूह बुडाला, खेळाडूंचे पगार थकले, संघ विकला गेला आणि मैदानावरील नावही उतरले. आश्चर्य असे की, त्याच हंगामात त्या पगार न मिळालेल्या खेळाडूंनी संघास वरच्या श्रेणीत नेऊन बसविले! या गोष्टीवरून स्त्रियांस संघ चालविता येत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्याने, पुरुषांनी बुडविलेल्या संघांची मोजदाद करून मग बोलावे. आम्हांस त्यातून निराळेच दिसते. पैसा थांबला तरी संघ उभा होता; मग मालकाचे म्हणून त्यात नक्की काय होते?

हा प्रश्न आमच्या उपनगरास परका नाही. मुंबईस खेळातील स्त्री-सत्तेचे नावीन्य उरलेले नाही. मुंबई इंडियन्स या क्रिकेट संघाशी नीता अंबानी यांचे नाव जडलेले आहे, आणि २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीच्याही त्या संस्थापक अध्यक्षा. पण अंधेरीस खेळणाऱ्या मुंबई सिटी संघाचे संस्थापक मालक मात्र रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे दोन पुरुष. २०१९ साली त्यातील ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटी ज्यांच्या हाती आहे त्या परदेशी समूहाने घेतला. संघाने पुढे दोनदा साखळीची ढाल आणि दोनदा चषक जिंकला. मग स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीचा महासंघाशी झालेला पंधरा वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरात संपला, पुढची व्यवस्था ठरेना, आणि त्याच महिन्यात तो परदेशी समूह आपला हिस्सा सोडून निघून गेला. व्यवहार म्हणून त्यास कोणी दोष देऊ नये. तथापि त्याने नेले काय आणि ठेविले काय, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील मैदान महापालिकेचे, म्हणजे करदात्यांचे; ते मालकाचे कधीच नव्हते. खेळाडू कराराने बांधलेले, मुदत संपताच मोकळे. दोन तास घसा फोडून घेणारा प्रेक्षक कोणाच्या जमाखर्चात बसत नाही. उरते काय? संघाचे नाव, स्पर्धेतील जागा, आणि दर महिन्यास पगार देण्याचे बंधन. संघाची मालकी म्हणजे मुख्यतः हे बंधन होय. ज्यास ते नको असेल तो एका सहीनिशी मोकळा होतो.

आणि येथे आपल्या घरांकडे पाहावे लागते. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत गृहिणीने पिढ्यान्‌पिढ्या काय केले? घर तिच्या नावावर नव्हते. परंतु वाण्याचे देणे, मुलांची फी, आल्यागेल्याचे पान, सासूबाईंचे औषध हे सारे तिच्या माथी होते, आणि या भारातून सही करून मोकळे होण्याची सोय तिला नव्हती. हक्काविना जबाबदारी तिच्याकडे, आणि जबाबदारीविना हक्क ज्यांच्याकडे असतो त्यांस आपण मालक म्हणत आलो. याचा अर्थ स्त्री जात्याच अधिक निष्ठावान असते, असा कोणी करू नये. ही स्तुती आम्हांस मान्य नाही. तिच्या आधारे तिजकडून फुकट श्रम पुष्कळ घेऊन झाले आहेत. म्हणणे एवढेच की, ज्या निकषावर आपण गृहिणीस चांगली वा वाईट ठरविले, तो निकष संघाच्या धन्यास लावून पाहण्यास काय हरकत आहे?

'ज्याचा पैसा त्याचा संघ' असे कोणी म्हणेल. पैशावाचून संघ चालत नाही, हे वायेकासच्या थकलेल्या पगारांनी दाखविलेच आहे. परंतु अमेरिकेत २०२१ साली घडलेली एक गोष्ट या उत्तरात बसत नाही. वॉशिंग्टन स्पिरिट या स्त्रियांच्या संघात प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाच्या तक्रारी बाहेर आल्या, मालकांत तंटे लागले. तेव्हा खेळाडूंनी एकत्र येऊन, आपला हिस्सा मिशेल कँग या सहमालकिणीस विकावा, अशी मागणी मुख्य मालकाकडे जाहीरपणे केली. कोरियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्वतःच्या उद्योगावर संपत्ती मिळविलेल्या या बाईंस 'खरा मालक कोण?' असे विचारण्याची सोय कोणासच नव्हती. त्याच वर्षी त्या खेळाडूंनी अजिंक्यपदही मिळविले, आणि २०२२ च्या आरंभी कँगबाई संघाच्या नियंत्रक मालकीण झाल्या.

पैसा त्यांनीही मोजला, नाही असे नाही. पण ज्यांच्यावर मालकी चालावयाची त्यांनीच मालक निवडून मागावा, ही गोष्ट आम्हांस त्या रकमेहून मोठी वाटते. अंधेरीच्या खेळाडूंस, किंवा पावसापाण्यात बोरिवली-घाटकोपरहून सामन्यास येणाऱ्या पोरांस, २०१९ साली कोणी विचारले नव्हते. २०२५ सालीही नाही.