गाऱ्हाणे आणि मंडळी

धर्मसंस्थेच्या आत तंटा उत्पन्न झाला म्हणजे तो घरातल्या घरात मिटवावा की राजाच्या न्यायासनापुढे न्यावा, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या लोकांपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. घरात मिटवा असे म्हणणाऱ्यास संस्थेच्या अब्रूची काळजी असते. बाहेर न्या असे म्हणणाऱ्यास बहुधा स्वतःवर झालेला अन्याय डाचत असतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होतो. ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाचा विचार दोन ठिकाणी आला आहे: एकदा यरुशलेमच्या आद्य मंडळीच्या हकीकतीत, व एकदा करिंथच्या मंडळीस पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचली असता आजच्या ख्रिस्ती समाजास काय बोध घेता येईल, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांस त्यातून काय उचलता येईल, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

परधर्माच्या ग्रंथात आम्ही का डोकवावे, असा प्रश्न काही वाचक करतील. ज्यांच्या कुलदैवतांना 16 व्या शतकात आपली मूळ स्थाने सोडून नदीपलीकडे अंत्रुजात यावे लागले, त्यांच्या मनात हा प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. परंतु राज्यकर्त्यांनी केलेला जुलूम वेगळा व त्यांच्या हाती असलेला ग्रंथ वेगळा, हा विवेक आपण राखला पाहिजे. शिवाय हा ग्रंथ आपल्या भाषेस परका राहिलेला नाही. फादर स्टीफन्सने त्यातील कथा ओवीबद्ध मराठीत रचून 1616 साली रायतूर येथे छापली. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. जे चारशे वर्षे आपल्या भाषेत बोलले जात आहे, ते काय म्हणते हे समजून घेण्यास कोणाची परवानगी लागू नये.

प्रथम यरुशलेम. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ही हकीकत आहे. मंडळीत दोन प्रकारचे यहूदी होते, काही स्थानिक भाषा बोलणारे व काही ग्रीक बोलणारे. रोज अन्नाची वाटणी होई. तीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांमध्ये सुरू झाली. विधवा, तीही परभाषिक, आणि प्रश्न रोजच्या अन्नाचा! याहून दुबळा वादी कोणत्याही न्यायालयात सापडणार नाही. अशा वेळी संस्थेचे चालक सहसा काय उत्तर देतात, हे आपणांस ठाऊक आहे: कार्य नवे आहे, शत्रू टपलेले आहेत, अशा वेळी भाकरीवरून भांडणे शोभत नाही. बारा प्रेषितांनी असे उत्तर दिल्याचे ग्रंथात नाही. त्यांनी सर्व मंडळीस एकत्र बोलावले. उपदेश व वाटणी ही दोन्ही कामे आपल्याकडून नीट होत नाहीत हे त्यांनी मान्य केले, आणि वाटणीचा अधिकार आपल्या हातून काढून सात माणसांकडे देण्याचे ठरविले. माणसे निवडली लोकांनी. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून निवड कायम केली.

त्या सातांची नावे ग्रंथात दिली आहेत. स्तेफन, फिलिप्प, तीमोन, नीकलाव इत्यादी सातही नावे ग्रीक आहेत. नावावरून माणसाचा पक्ष निश्चित होत नाही, हे आम्ही जाणतो. बारा प्रेषितांतही फिलिप्प व अंद्रिया ही ग्रीक नावे होतीच. तरीही सातांपैकी एकाचेही नाव हिब्रू नसावे हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही. ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या देण्यात आल्या, असाच अर्थ त्यातून निघतो. न्यायाच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे. तक्रारदारास गप्प करणे सोपे, त्याची समजूत काढणे त्याहून थोडे कठीण. त्याच्या हाती अधिकार देणे मात्र फारच थोड्या संस्थांना साधले आहे.

आता करिंथ. इसवी सनापूर्वी 146 साली रोमनांनी हे नगर उद्ध्वस्त केले; पुढे 44 साली ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसविले. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर वसलेले, दोन बंदरांचे हे नगर व्यापाराने गजबजलेले होते. आणि व्यापार आला की दावे आलेच. पौल इसवी सन 50 च्या सुमारास तेथे होता. त्याच्या विरोधकांनी त्याला रोमन अधिपती गल्लियो याच्या न्यायासनापुढे उभे केले, तेव्हा हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद आहे, तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणून गल्लियोने फिर्याद काढून टाकली. नंतर काही वर्षांनी इफिस येथे असताना पौलाच्या कानी आले की करिंथच्या मंडळीतील लोक एकमेकांवर नगराच्या न्यायालयात दावे लावीत आहेत. त्याने पत्रात त्यांना खडसावले. भावाभावांमधील तंटा तोडील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे त्याने विचारले. आणि पुढे जाऊन, दावा लावण्यापेक्षा नुकसान सोसलेले काय वाईट, अशा आशयाचा प्रश्न केला.

हा शेवटचा प्रश्न नीतिदृष्ट्या फार उंचीचा आहे, आणि तितकाच धोक्याचाही. ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतः होऊन ते सोसणे ही थोरवी होय. परंतु ज्याने नुकसान केले, किंवा ज्याला ते झाकावयाचे आहे, त्याने दुसऱ्यास सोसण्याचा उपदेश करणे ही लबाडी होय. शब्द तेच; बोलणारा बदलला की पुण्याचे पाप होते.

आमच्या काळात हे घडून गेले आहे. 2002 साली अमेरिकेतील बोस्टन येथील वृत्तपत्राने कॅथलिक धर्मगुरूंच्या हातून झालेल्या बालकांच्या लैंगिक छळाची व तो दडपणाऱ्या वरिष्ठांची हकीकत उघडकीस आणली. 2018 च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्यूरीने सहा धर्मप्रांतांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि हजाराहून अधिक बालके यांचा उल्लेख होता. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने 2021 साली, 1950 पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू व संन्यासी यांच्याकडून छळ झालेल्या अल्पवयीनांची संख्या सुमारे 2,16,000 असावी असा अंदाज दिला. हा दोष एका पंथापुरता नाही; सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट संघाच्या चालकांनी पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कशा झुलवत ठेवल्या, हे 2022 च्या चौकशी अहवालाने दाखविले. या सर्व प्रकरणांत पीडितांना हेच सुचविले गेले की क्षमा करा, मंडळीची बेअब्रू करू नका, बाहेर बोलू नका. करिंथच्या पत्रातील उपदेश अशा रीतीने दुबळ्याच्या तोंडावर बांधलेला बोळा झाला.

पौलाच्या पत्राचा हा अर्थ खरा आहे काय? वकिलाचा नियम असा की कोणतेही कलम एकटे वाचू नये. मागचे व पुढचे कलम पाहावे आणि ते कोणास उद्देशून आहे हेही पाहावे. मागे पाहिले तर पाचव्या अध्यायात घोर दुराचाराचे एक प्रकरण आहे. तेथे पौल सोसा असे म्हणत नाही. त्या माणसास मंडळीतून काढून टाका असे तो सांगतो, आणि हे खपवून घेऊन वर फुशारकी मारणाऱ्या मंडळीसही दोष देतो. सहाव्या अध्यायातील तंटे त्याच्या मते क्षुल्लक, व्यवहारातील, म्हणजे देण्याघेण्याचे आहेत. शिवाय त्या काळी रोमन न्यायालयाचा दरवाजा सर्वांना सारखा उघडा नव्हता. मुक्त झालेल्या दासाला आपल्या पूर्वीच्या धन्यावर दावा लावण्यास न्यायाधिकाऱ्याची खास परवानगी लागे. म्हणजे दावे लावणारे बहुधा पैशाचे व वजनाचे लोक असावेत. सोसा म्हटल्यावर पौल लगेच उलट वळून म्हणतो की तुम्हीच भावांना नाडता व लुबाडता. हा फटका ज्याच्या पाठीवर आहे तो मंडळीतील सबळ माणूस होय.

पुढे अकराव्या अध्यायात तोच धागा आहे. प्रभुभोजनाच्या वेळी काहीजण आधीच पोटभर खाऊनपिऊन तर्र होतात आणि काहीजण उपाशी राहतात, हे पाहून पौल संतापतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता काय, असे तो विचारतो. आणि स्वतः पौल? फिलिप्पै नगरात चौकशीवाचून फटके मारून कैदेत टाकल्यावर, सुटका होत असतानाही त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले व अधिकाऱ्यांना स्वतः येऊन आपणांस बाहेर नेण्यास भाग पाडले. पुढे कैसरिया येथे त्याने थेट सम्राटाकडे दाद मागितली. राजाचा न्याय ख्रिस्ती माणसास वर्ज्य आहे, हे मत त्याच्या चरित्राशी जुळत नाही.

यावरून आम्हांस जो नियम निघतो असे वाटते तो असा: सोसण्याचा उपदेश सबळाने स्वतःस करावा, आणि गाऱ्हाणे ऐकण्याचा धर्म दुबळ्याच्या बाबतीत पाळावा. पैशाचा, मानाचा, जमिनीच्या तुकड्याचा तंटा मंडळीत तुटला तर उत्तमच. त्यात वेळ, द्रव्य व स्नेह तिन्ही वाचतात, आणि दाव्यांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनीही हे मान्य करावयास हवे. पण जेथे एक बाजू बालक आहे, विधवा आहे, नोकर आहे, तेथे घरात मिटविणे म्हणजे बहुधा मोठ्याच्या मर्जीने मिटविणे होय. आपल्या देशात 2012 च्या बाल लैंगिक अपराध संरक्षण कायद्याने अशा गुन्ह्याची खबर न देणे हाच गुन्हा ठरविला आहे. त्या कायद्याने आद्य मंडळीची शिकवण मोडली नाही. यरुशलेमच्या प्रेषितांनी जे आपण होऊन केले, ते न करणाऱ्यांवर आता शिक्षेचे भय घातले आहे. रोम येथील पोपनेही 2019 च्या डिसेंबरात अशा प्रकरणांवरील धर्मपीठाच्या गुप्ततेचे बंधन काढून टाकले. उशीर झाला, पण दिशा यरुशलेमची आहे.

शेजाऱ्याच्या घरातील केर दाखविताना स्वतःच्या अंगणाकडे पाठ फिरविणे बरे नव्हे. आमच्या देवस्थानांच्या महाजनी संस्थांसाठी पोर्तुगीज राजवटीत 1886 साली नियम झाले, 1933 साली नवे झाले, आणि 1961 च्या मुक्तीनंतरही कारभार मुख्यतः त्याच चौकटीत चालत आला. पालखीचा क्रम, मानाचा नारळ, हिशेबाची वही यांवरून महाजन कोर्टाची पायरी झिजवतात. तेथे सोसावे असे कोणी म्हणत नाही. उलट एखाद्या सेवेकऱ्याची बाकी राहिली, किंवा यादीत नाव नसलेल्या एखाद्या स्त्रीने तक्रार केली, म्हणजे देवाच्या दारात भांडण नको, ही आठवण सर्वांस होते. करिंथ समजण्यासाठी आम्हांस ग्रीस देशास जावे लागत नाही.

कोकणात व गोमंतकात देवापुढे हात जोडून जे मागणे मांडतात त्याला गाऱ्हाणे म्हणतात, आणि अन्यायाविषयी जी तक्रार करतात तिलाही गाऱ्हाणेच म्हणतात. आपल्या पूर्वजांनी हे दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले, ते उगीच नव्हे. जो देव गाऱ्हाणे ऐकतो असे आपण मानतो, त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने गाऱ्हाणे ऐकण्यास नकार द्यावा, ही विसंगती कोणत्याही धर्मास परवडणारी नाही. ख्रिस्ती बांधवांनी आपल्या ग्रंथातील त्या विधवांची आठवण ठेवावी. आम्हांसही ती ठेवता येईल. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.