किसाचा दोष किती?

गॅस इन्सुलेटेड उपकेंद्राच्या नळ्यांमध्ये उच्चदाबाचा वाहक आणि अर्थिंग केलेले बाह्य आवरण यांच्यामध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबून भरलेला असतो. वातावरणाच्या दाबालाही तो हवेच्या अडीच-तीनपट विद्युतताण सोसतो. तरीही जोडणी करताना आत राहिलेला चार-पाच मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा कीस ठिणगी पाडू शकतो. मग दोष किसावर येतो. तो कितपत रास्त आहे, हा न्यायदर्शनातला जुना प्रश्न आहे.

नैयायिकांच्या मते कारण कार्याच्या आधी नियमाने असावे लागते आणि त्याच्यावाचून काम भागता कामा नये. माती वाहणारे गाढव मडक्याआधी असते, पण माती डोक्यावरूनही आणता येते. म्हणून गाढव कारणांत धरत नाहीत. मग कीस कोणात मोडतो, गाढवात की कुंभारात?

उत्तर विद्युतदाबाच्या प्रकारावर ठरते. प्रत्यावर्ती दाबाखाली तळाशी पडलेला कीस विद्युतभारित होतो, वजनापेक्षा विद्युतबल वाढले की उभा राहतो आणि उड्या मारत वाहकाकडे सरकतो. त्याच्या टोकाशी क्षेत्र एकवटते आणि तिथला वायू आयनित होतो. आकाशातली वीज कोसळल्याने येणारा दाब मात्र मायक्रोसेकंदांत शिखर गाठून ओसरतो. तेवढ्यात किसाला हलायलाही वेळ मिळत नाही. तोच कीस वाहकाला किंवा त्याला आधार देणाऱ्या स्पेसरला चिकटलेला असेल, तर याच दाबाला तो घातक ठरतो. म्हणजे कारणपण किसाच्या अंगचे नाही. स्थान, दाब, वायू अशी सगळी सामग्री जुळावी लागते. नियमही कच्चाच: क्षेत्र पुरेसे असूनही पहिला मुक्त इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत ठिणगी पडत नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने 1843 मध्ये हेच मांडले: खरे कारण म्हणजे सर्व अटींची बेरीज, त्यातली एक निवडणे ही आपली सोय. तर्काला हे धरून असले, तरी देखभालीच्या कामी फारसे येत नाही. दाब आणि वायू तिथे असायलाच हवेत, कीस नको. म्हणून बोट त्याच्याकडे दाखवणे मनमानी नव्हे.

न्यायाने प्रतिबंधकाचा, म्हणजे कार्य अडवणाऱ्या गोष्टीचा, अभावही कारणांत मोजला आहे, आणि उपाय नेमका तिथे आहे. आवरणाच्या तळाशी जवळपास शून्य क्षेत्राच्या खाचा ठेवतात. उपकेंद्र चालू करण्याआधी विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवतात. कीस उड्या मारत त्या खाचांत पडतो आणि तिथून पुन्हा उठत नाही.